पुढे एकोणतीस, मागे छत्तीस

मागच्या पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटात माझी गाडी फिरली. कासकडून सातारला उतरत होतो. पाऊस म्हणावा असा नव्हता, नुसती भुरभुर, पण रस्ता ओला आणि धुकं उतरलेलं. एका उजव्या वळणात शिरलो आणि समोरून वडाप, म्हणजे सीटा भरून नेणारी जीप, आलं. अर्धा रस्ता त्याचा, उरलेल्यातला अर्धाही त्याचाच. मी दचकून अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला. ब्रेक मारला नाही, नुसता पाय उचलला. तेवढ्यावर मागचा भाग कठड्याच्या दिशेने सुटला, स्टिअरिंग हातात गरकन फिरलं, आणि भानावर आलो तेव्हा गाडीचं तोंड परत कासकडे होतं. वडापवाल्याने वेळेत ब्रेक मारला म्हणून निभावलं. तो खाली उतरला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "आवो, नक्की कुठं निघालायसा? खाली का वर?"

गाडी म्हणजे पोर्शेची जुनी बॉक्स्टर, २००१ ची, २.७ लिटरची. परदेशातून परतलेल्या एका डॉक्टरांनी सोबत आणलेली, त्यांच्याकडून दुसऱ्याने घेतलेली, त्याच्याकडून मी. हौस म्हणा, खाज म्हणा. पुढचं बॉनेट उघडलं की डिकी, मागचं उघडलं की पुन्हा डिकी. पोवई नाक्यावर थांबलो की कुणीतरी विचारतंच, "मग इंजिन काय घरी ठेवून आलाय?" इंजिन पोटात आहे. दोन सीटांच्या पाठीमागे आणि मागच्या चाकांच्या पुढे, सहा सिलिंडर, तीन डावीकडे तीन उजवीकडे आडवे झोपलेले.

घेताना मी इंजिन कान लावून ऐकलं, कापडी छप्पर दहा वेळा उघडून मिटून पाहिलं, कागदपत्रं जाणकाराला दाखवली. टायरला फक्त नख लावून बघितलं. नक्षी भरपूर होती. तिथंच फसलो.

आबा, म्हणजे माझे वडील, एसटीच्या वर्कशॉपमध्ये टायर सेक्शनला होते. घाटातला प्रकार मी घरी सांगितला नव्हता, पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "मागच्या टायरला कडेनं खरचटलंय कशानं?" मग सांगावं लागलं. ते उकिडवे बसले, चष्मा कपाळावर सारला आणि टायरच्या कडेवरची अक्षरं बोटाने चाचपू लागले. शेवटचे चार आकडे ३२१३. म्हणजे २०१३ सालचा बत्तिसावा आठवडा. त्या वर्षी बनलेलं रबर मी ओल्या घाटात घेऊन गेलो होतो.

"नक्षी राहिलीय म्हणून खूश होतास ना? झिजायला रबर मऊ लागतं. ह्याचा दगड झालाय."

पुढच्या टायरची गोष्ट वेगळी. ते २०२१ चे, मऊ, चांगले. पण माप २२५/४५ आर १७, म्हणजे रुंदी २२५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ४५ टक्के आणि रिम सतरा इंची. या गाडीला सतरा इंची रिमवर कंपनीचं माप पुढे २०५/५० आणि मागे २५५/४०. आधीच्या मालकाने पुढचं माप मिळेना म्हणून वीस मिलिमीटर रुंद टायर चढवले होते. वर भर म्हणजे त्या दिवशी सकाळी पेट्रोल पंपावरच्या पोराने माझ्या देखत चारी चाकांत पस्तीस पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरली होती. मीच मान डोलावली होती. पुस्तिकेत लिहिलंय पुढे २९, मागे ३६. एकूण हिशेब असा, की पुढची पकड नको तितकी वाढवलेली आणि मागची वयानेच संपलेली. गाडी फिरली यात नवल नव्हतं, इतके दिवस फिरली नव्हती हेच नवल.

पुढचे दोन महिने टायर कुठले आणि हवा किती, याच एका प्रश्नात गेले. मी काही इंजिनिअर नाही, औषधांचं दुकान आहे माझं. पण गोळीचा डोस शंभरदा तपासणारा माणूस टायरचा डोस बघत नाही, ही गोष्ट मला फार लागली.

शिखर शिंगणापूरच्या यात्रेत मुंगी घाटातून कावडी चढताना ज्यांनी बघितल्यात त्यांना गाडी इतक्या झटक्यात का फिरली ते लगेच कळेल. खांद्यावर कावड असली की माणसाला वळायला जागा लागते, कारण वजन दोन टोकांना. तेच वजन छातीशी धरलं तर तो टाचेवर फिरतो. बॉक्स्टर ही छातीशी वजन धरलेली गाडी. वळणात ती इतकी चटकन शिरते की दुसरी गाडी नंतर बैलगाडी वाटते. पण पाय घसरला तर गरगरतेही तितक्याच झटक्यात, सावरायला वेळ देत नाही. पाय उचलला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात, आणि नेमक्या त्याच क्षणी वळणाचा सगळा ताण त्यांच्यावर असतो. नव्या गाड्यांत अशा वेळी स्टॅबिलिटी कंट्रोल आपणहून ब्रेक लावून सावरतो. माझ्या गाडीत तो नाही.

म्हणून मागचे टायर रुंद असतात. मला आधी वाटायचं ते इंजिनची ताकद जमिनीवर उतरवायला. तेही आहेच, पण त्याहून मोठं कारण टायरच्या स्वभावात आहे. टायरवर वजन दुप्पट टाकलं तर पकड दुप्पट होत नाही, जरा कमीच भरते. मागे वजन जास्त, म्हणजे सारखेच टायर लावले तर वळणात मागचे आधी हरणार. मागे रुंद आणि पुढे अरुंद ठेवलं की आधी पुढचे हरतात. गाडी नाक बाहेर काढते, माणूस घाबरून पाय उचलतो, वजन पुढे येतं आणि नाक परत आत वळतं. घाबरलेल्या माणसाची नैसर्गिक चूकच तिथे उपयोगी पडते. माझ्या गाडीत ही राखीव सोय आधीच्या मालकाने वीस मिलिमीटरने आणि मी सहा पीएसआयने खाऊन टाकली होती.

टायरच्या दुकानात गेलो तर तिथल्या काकांचा सल्ला तयार होता. "चारी २२५ टाका साहेब. माप आज हजर आहे, निम्म्या पैशात काम होतंय, आणि पुढचे-मागचे आलटून-पालटून फिरवता येतात." ऐकायला इतकं शहाणपणाचं, की मी जवळजवळ हो म्हणालो. रिमचंही आडवं येत नव्हतं. पुढचं रिम सात इंची, मागचं साडेआठ, आणि २२५ दोन्हीवर बसतं, मागे जरा ताणून. मी म्हटलं, "पण कंपनीनं वेगळे का दिले असतील?" काका क्षणभर गप्प झाले आणि मग स्वतःच हसले. "नॅनोला पण वेगळेच होते की!" खरंच होते. नॅनोचं इंजिन मागे, म्हणून पुढे १३५/७० आर १२ आणि मागे १५५/६५ आर १२. सगळ्यांत स्वस्त म्हणून बनवलेल्या गाडीत, जिथे एकेका रुपयासाठी काटकसर केली, तिथेही टाटांनी दोन मापांचे टायर दिले. मला हा दाखला पोर्शेच्या पुस्तिकेपेक्षा जास्त पटला.

आता खरं वजन किती कुठे पडतं ते बघायचं ठरवलं. पुस्तकातलं नको, माझ्या गाडीचं, मी आत बसलेलो असताना. त्यासाठी धर्मकाटा. महामार्गालगतच्या एका काट्यावर भर दुपारी गेलो. तोवर उसाचा हंगाम सुरू झालेला, पुढे शेंद्र्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. दोन ट्रॉल्यांच्या मध्ये माझी कमरेएवढी गाडी. काटेवाल्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "भरलेली का रिकामी?" मी म्हटलं, "आधी फक्त पुढची चाकं घेतो काट्यावर, मग पूर्ण, मग फक्त मागची." मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता, पण त्यालाही बघायचंच होतं.

पावती अजून जपून ठेवलीय. पुढे ६१०, मागे ७३०, एकूण १३४० किलो. काटा दहा-दहा किलोनेच दाखवतो, त्यामुळे पाच-दहा इकडे-तिकडे. म्हणजे मागच्या एका टायरवर ३६५ किलो, पुढच्यावर ३०५. मागे वीस टक्के जास्त. रुंदीचा फरक २०५ ते २५५, चोवीस टक्के. हवेचा फरक २९ ते ३६, तोही चोवीस टक्के. आकडे एका रांगेत बसलेले बघून दुकानात बेरीज जुळल्यासारखं वाटलं. आणखी एक: या गाडीची पेट्रोलची टाकी पुढे आहे. त्या दिवशी ती भरलेली होती. रिकामी होत जाते तसं पुढचं वजन आणखी कमी होतं.

मग गेरूचा प्रयोग. हा माझा आवडता. रुंद टायर म्हणजे रस्त्याला जास्त रबर टेकतं असं आपण सगळे समजतो. तुळशी वृंदावनाला लावायला आणलेला गेरू पाण्यात घट्ट कालवला, चाक जॅकवर उचललं, टायरला ब्रशने फासला, खाली पुठ्ठा सरकवला आणि गाडी हलकेच टेकवली. पुन्हा उचलली. पुढच्याचा ठसा साधारण सतरा सेंटिमीटर रुंद आणि नऊ लांब, मागच्याचा साडेएकवीस रुंद आणि पावणेसात लांब. पट्टी लावून गुणाकार केला तर दोन्ही दीडशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास. हवा माझ्या हाताने २९ आणि ३६ केलेली होती. विचार केला तर सरळ आहे. वजन मुख्यतः हवाच तोलते, त्यामुळे वजनाला हवेच्या दाबाने भागलं की टेकणारी जागा निघते, ढोबळमानाने. रुंदीने क्षेत्रफळ फारसं वाढत नाही, आकार बदलतो. आडवा आखूड ठसा वळणात लवकर आणि ताठ उत्तर देतो, उभा लांब ठसा जरा उशिरा. बायकोने अंगणातले लाल पुठ्ठे बघून विचारलं, "हे काय, गाडीची पावलं?" तसंच म्हणायचं.

अठरा इंची रिम घ्यावीत असं एका मित्राचं म्हणणं होतं, २२५/४० आणि २६५/३५. दिसतात देखणी. पण मागे कडेची उंची दहा सेंटिमीटरवरून सव्वानऊवर आली असती, पुढे नऊवर, आणि आपल्याकडच्या खड्ड्यांत एक सेंटिमीटर म्हणजे एक रिम. उलट मला सोळा इंचीचा मोह झाला होता, मूळ गाडी २०५/५५ आणि २२५/५० वरही विकली जायची. रिम मिळाली नाहीत, विषय संपला.

शेवटी २०५/५० आणि २५५/४०, मूळ मापच. पोर्शेने स्वतः तपासून मान्य केलेल्या टायरवर एन आणि पुढे आकडा असा शिक्का असतो, तोच हवा असा हट्ट धरला. हट्ट महागात पडला. २०२० पासून टायरच्या आयातीवर निर्बंध आहेत, त्यामुळे असली मापं हौशी माणसाला सहज मिळत नाहीत. पुण्याच्या एका विक्रेत्याने सात आठवडे लावले. दरम्यान त्याने मागच्यासाठी एक जोडी दाखवली, किंमत बरी, पण आकडे बघितले तर एक टायर दुसऱ्यापेक्षा तीन वर्षांनी म्हातारा. परत पाठवली. एकाच आसावरच्या दोन चाकांना दोन वयांचे टायर नकोत, हे आबांनी फोनवरच निक्षून सांगितलं होतं. ते त्या काळात माझ्यापेक्षा जास्त चौकश्या करत होते.

टायर बसवताना एकच भांडण झालं. या गाडीच्या चाकांना नट नाहीत, बोल्ट आहेत, आणि ते १३० न्यूटन मीटरला आवळायचे असतात. पोराने हवेची गन घेतली. मी टॉर्कचा पाना, म्हणजे ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणारा, पुढे केला. तो म्हणाला, "दादा, आम्ही रोज शंभर चाकं बसवतोय." मी म्हटलं, "मग एकशे एकावं माझ्या पद्धतीनं बसव." नायट्रोजनही नाकारला. साध्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के तोच असतो, उरलेल्यासाठी हिरवी टोपणं कशाला? स्टेपनी कुठाय म्हणून त्याने विचारलं, तेव्हा पुढच्या डिकीतली बारीक स्टेपनी दाखवली. मागच्या टायरची जागा ती भरून काढू शकत नाही, पण घरी आणते.

नव्या टायरवर साच्यातलं बुळबुळीत आवरण असतं, म्हणून पहिले तीनशे किलोमीटर नुसता माहुली, लिंब, वाई असा सावकाश फिरलो. मग हवेचे प्रयोग.

हवा सकाळीच बघायची, गाडी रात्रभर उभी असताना. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण एका पीएसआयने वाढतो. डिसेंबरात सकाळी सातला बघितलेले २९ दुपारी उन्हात चालवून आल्यावर ३३ दिसतात. ते बघून हवा सोडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी पंचविसावर येतात. ही चूक मी केली. स्वतःचं गेज घ्या. माझं आणि तीन पंपांची गेजं ताडून पाहिली तर एक पंप अडीचने जास्त दाखवत होता. कासच्या पठारावर मोजलं तरी पाऊण पीएसआय जास्त दिसतो. सातारा सातशे मीटरच्या आसपास, पठार बाराशेच्या, वर बाहेरची हवा विरळ आणि गेज फक्त आतला-बाहेरचा फरक मोजतं. आबांना हे पटलं नाही. ते म्हणाले, "तुझं गेज खराब आहे."

पद्धत त्यांचीच होती. टायरच्या नक्षीवरून कडेपर्यंत खडूची रेघ मारायची, घाट चढून यायचं आणि रेघ कुठपर्यंत पुसली ते बघायचं. भल्या पहाटे, रस्ता मोकळा असताना, कायद्याच्या वेगात. पुढे २७ ठेवले तेव्हा रेघ कडेच्या खांद्यावरूनही खाली पुसली, टायर वळणात आडवा लोळत होता. ३१ ठेवले तर मधलीच पुसली, स्टिअरिंग एकदम तल्लख झालं आणि मला त्या दिवशीची आठवण झाली. परत खाली आलो. मागे ३३ करून बघितले. गाडी मऊ वाटली, पण वळणातून बाहेर पडताना मागून कुणीतरी हलकेच ढकलतंय असं वाटायचं. ते नको. ३६ वर परत. इतकी खटपट करून पुस्तिकेतल्याच आकड्यांवर पोचलो. पुढे ३० पर्यंत चालतं, त्यापलीकडे नाही.

पुढे कमी, मागे जास्त ही युक्ती काही पोर्शेची एकटीची नाही. १९६० मध्ये अमेरिकेत शेवरोलेची कॉर्व्हेअर आली, इंजिन पार मागे. तिला कंपनीने सांगितलेली हवा पुढे १५ आणि मागे २६ होती, गाडी थंड असताना. कारण हेच, आधी पुढच्यांनी हरावं. पण तिथल्याही पंपावर पोरं चारी चाकांत सारखीच हवा भरत असणार, त्यात मला शंका नाही.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो, कारण आपल्याकडे सगळे उलटं सांगतात: पावसात हवा कमी ठेवा, पकड वाढते. चिखलात, वाळूत खरं असेल. साचलेल्या पाण्यावर नाही. नासाने विमानाच्या टायरवर केलेल्या जुन्या प्रयोगांतून एक ढोबळ सूत्र आलंय: दाबाचं वर्गमूळ काढून त्याला १६.६ ने गुणलं की किती किलोमीटर वेगाला टायर पाण्यावर तरंगायला लागेल ते कळतं. ३६ ला शंभरच्या जवळ, २९ ला नव्वदच्या खाली, २५ ला ८३. नक्षी चांगली असेल तर याहून बरं, रुंद टायर असेल तर याहून वाईट. यंदाच्या पावसात महामार्गावर मी ऐंशीच्या खालीच राहिलो आणि हवा एका पीएसआयनेही कमी केली नाही.

त्याच यवतेश्वरच्या वळणावर पुन्हा गेलो. ओला रस्ता, तोच वेग, समोर कुणी नाही याची खात्री करून पाय उचलला. नाक किंचित आत वळलं. बस, एवढंच. मागची चाकं जिथल्या तिथे. पुढच्या वळणावर कणसं भाजणाऱ्या बाईंकडून एक कणीस घेतलं आणि गाडीच्या बॉनेटला टेकून खाल्लं, म्हणजे डिकीला.

गेल्या रविवारी नक्षीची खोली मोजली. पुढचे जवळजवळ नवे आहेत. मागच्यांची बाहेरची कड सहा मिलिमीटर, आतली साडेचार. मागची चाकं वरच्या बाजूने जरा आत झुकलेली असतात, त्यामुळे आतली कडच आधी जाते, आणि पुढे-मागे फिरवायची सोय नाहीच. पुण्याला फोन लावला, म्हटलं पुढच्या वर्षी मागचे दोन लागतील. पलीकडून आवाज आला, "साहेब, आत्ताच लिहून ठेवतो. आणि दोन्ही एकाच आठवड्याचे बघतो, तुमचे वडील परत फोन करतील नाहीतर."